बिलात न दिसणारा गॅस: कोथरूडच्या एका घराचा कार्बन हिशेब

कोथरूडहून एका ताईंनी विचारलं आहे. घरात पाच माणसं: त्या दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट. एक पेट्रोल कार, एक स्कूटर, वर्षाला दहा सिलिंडर, आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा चौघांचं विमानाने दिल्लीला जाणं. कार्बन फूटप्रिंट कमी करायचा म्हणून गॅसची शेगडी काढून इंडक्शन घ्यायचं त्यांनी जवळपास ठरवलंय, मोबाइलचे चार्जर आठवणीने काढून ठेवतात, आणि राहिलेलं झाडं लावून फेडता येईल का, असं विचारतात. सोबत वर्षभराची वीजबिलं पाठवली आहेत. शिवाय पत्रात दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत: २०१४चा एसी आहे, त्यात दर एप्रिलमध्ये गॅस भरावा लागतो, आणि सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे, पण पाणी कोमटच येतं म्हणून गीझर लावावा लागतो.

ताई, मी गेली एकोणीस वर्षं ऊर्जा तपासणीचं काम करतो. आधी कारखान्यांचं केलं, आता सोसायट्या आणि घरांचं करतो. तुमच्या पत्रातली खरी उत्तरं त्या जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांतच आहेत. तिथे पोचण्याआधी हिशेब मांडू.

वीज. तुमची बारा बिलं मिळून ३,७२० युनिट होतात. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशावर होते. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ इथे जळणारा कोळसा शेवटी आपल्याच स्विचबोर्डपर्यंत येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी एका युनिटमागचा कार्बन डायऑक्साइड जाहीर करतं, तो ०.७२ किलोच्या आसपास असतो. तारांमधली गळती धरली तर आणखी वाढतो, पण मी साधा आकडा धरतो. म्हणजे वर्षाला सुमारे २,६८० किलो.

कार महिन्याला ७०० किलोमीटर, शहरात लिटरला १४ किलोमीटर. वर्षाचं ६०० लिटर पेट्रोल. एका लिटरमागे २.३ किलो, म्हणजे १,३८० किलो. स्कूटरचे महिन्याला ५०० किलोमीटर धरून ३०० किलोच्या आसपास. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एलपीजी जळला की किलोमागे जवळजवळ ३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. सिलिंडरमागे ४२ किलो, दहा सिलिंडरांचे ४२०. पुणे-दिल्ली विमानाचे एका माणसामागे एका बाजूला १०० किलोच्या आसपास, म्हणजे चौघांचे जाऊन-येऊन ८००.

आता बघा, वर्षभराचा स्वयंपाक, पाच माणसांचा, सणवार धरून, ४२० किलो. आणि तुम्ही सगळ्यात आधी हात घालताय तो त्यालाच.

आधी इंडक्शनचं सांगून टाकतो, कारण माझ्या मते ही खरेदी आत्ता थांबवावी. एका सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्याला लागते, म्हणजे ११० युनिटांच्या आसपास. इंडक्शनवर ८५ टक्के लागते. तेवढाच स्वयंपाक करायला १३० युनिट वीज लागेल. त्या १३० युनिटांसाठी कोळसा जळून ९५ किलो कार्बन हवेत जाणार. गॅसवर तेच काम ४२ किलोत होतं. गॅस शुद्ध करून तुमच्या दारात आणायचा कार्बन धरला तरी पन्नास-बावन्न किलो. आजच्या विजेवर इंडक्शन घेतलं तर तुमचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. युरोपात किंवा जिथे वीज पाण्यावर-वाऱ्यावर होते तिथे हा सल्ला योग्य आहे, आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू होत नाही. उद्या सोसायटीच्या किंवा तुमच्या स्वतःच्या सोलर पॅनलची वीज आली, तर दुपारचा स्वयंपाक इंडक्शनवर खुशाल करा. स्वयंपाकघरात गॅसचा धूर आणि धग नको म्हणून कुणी घेत असेल तर तेही योग्यच कारण आहे. कार्बनचं कारण मात्र अजून लागू नाही. तोवर डाळ तासभर भिजवून कुकरमध्ये लावणं, शिटी झाली की आच बारीक करणं, हे सासूबाई करतच असतील. ते तसंच चालू राहू दे.

आता एसी.

तुमच्या बिलांत ऑगस्ट २३०, सप्टेंबर २३५, नोव्हेंबर २३५ युनिट आहेत. हा तुमच्या घराचा तळ. मार्च ३८०, एप्रिल ४७०, मे ५२०, जून ३६०. तळाच्या वरचं जे आहे ते बहुतेक एसीचं: वर्षाला साधारण ८५० युनिट, म्हणजे ६१० किलो कार्बन. पण एसीचा दुसरा कार्बन कुठल्याच बिलात येत नाही.

आउटडोअर युनिटच्या कडेला पत्र्याचं किंवा कागदाचं लेबल असतं. उन्हाने फिकट झालं असलं तरी ओल्या फडक्याने पुसलं की वाचता येतं. त्यावर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. २०१४च्या आपल्याकडच्या बहुतेक स्प्लिट एसींमध्ये आर-२२ आहे. हा गॅस ओझोनच्या थराला मारक आहेच, शिवाय तो एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. लेबलवर आर-४१०ए असेल तर ओझोनचा धोका नाही, पण उष्णतेचा आकडा दोन हजारांच्या वर. आर-३२ असेल तर ६७५.

दीड टनाच्या एसीत किलोभर, सव्वा किलो गॅस असतो. एसी ही बंद यंत्रणा आहे. फ्रिजमध्ये आपण कधी गॅस भरतो का? पंधरा-पंधरा वर्षं तोच गॅस फिरत राहतो. एसीचंही तसंच असायला हवं. दर एप्रिलला गॅस ‘कमी होतो’ याचा अर्थ एकच: तो गळतो. तुमच्या एसीत दरवर्षी अर्धा किलो भरला जात असेल, तर वर्षाला ९०० किलो कार्बनइतका गॅस तुमच्या बाल्कनीतून गुपचूप निघून जातोय. एसी चालवायला जेवढी वीज लागते तिच्या कार्बनपेक्षा हे जास्त. दहा सिलिंडरांच्या दुप्पट. आणि याची पावती येते ती फक्त ‘गॅस चार्जिंग’ अशा दोन शब्दांची.

एका घरी मी तपासणीला गेलो होतो तेव्हा योगायोगाने एसीचा मेकॅनिक आलेला होता. त्याने सर्व्हिस व्हॉल्व्हवर पाना लावला, पिन दाबली, आणि बाल्कनीत सूं असा आवाज मिनिट-दीड मिनिट चालू राहिला. पाइपवर पांढरं दहिवर धरलं. ‘जुना काढून पूर्ण नवीन भरतो, म्हणजे कूलिंग मस्त येईल,’ असं तो अगदी मनापासून सांगत होता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की आत्ता जे उडून गेलं त्याने त्या घराच्या दोन वर्षांच्या स्वयंपाकाहून जास्त नुकसान केलं. मुलगा कामाला चांगला होता. मी त्याला आकडा सांगितला तेव्हा तो थोडा वेळ पाइपाकडेच बघत राहिला.

म्हणून या वर्षी मेकॅनिकला बोलावताना फोनवरच सांगा: ‘गॅस भरायचा नाही, आधी गळती शोधायची.’ साबणाचं दाट पाणी करून फ्लेअर नटवर, म्हणजे तांब्याचा पाइप जिथे पितळी नटाने जोडलेला असतो तिथे, ब्रशने लावायचं. बुडबुडा आला की तीच जागा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गळती इथेच सापडते. नट सैल असतो किंवा पाइपाची फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं पसरट तोंड, तडकलेली असते. तिथे नसेल तर गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेऊन नायट्रोजनचं प्रेशर द्यावं लागतं आणि रात्रभर गेजचा काटा उतरतो का ते बघावं लागतं. दुरुस्ती झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून मगच गॅस, आणि तोही वजनकाट्यावर मोजून, लेबलवर लिहिला आहे तेवढाच. मेकॅनिककडे व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा दोन्ही नसतील तर दुसरा शोधा. यात हजार-दीड हजार जास्त जातील, पण पुढच्या एप्रिलचे वाचतील.

इनडोअरची कॉइलच कुजली असेल तर बारा वर्षांच्या एसीवर पैसे घालू नका. नवीन घेताना पाच स्टार घ्या, आर-३२ किंवा आर-२९० वाला. आर-२९० म्हणजे प्रोपेन. त्याचा उष्णतेचा आकडा नगण्य आहे, फक्त तो बसवायला प्रशिक्षित माणूसच लागतो. जुना एसी भंगारवाल्याला देण्याआधी त्यातला गॅस काढून घेतला गेला पाहिजे. भंगारात पाइप करवतीने कापतात आणि उरलेला सगळा गॅस एका क्षणात जातो.

वरच्या मजल्यावर असल्यामुळे तुमची स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेली असते. सोसायटीची परवानगी घेऊन फेब्रुवारीत तुमच्या डोक्यावरच्या गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या, निदान चुना तरी. एसी २४ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

आता तुमच्या बिलातला तळ. लोक मे महिन्याच्या बिलाला घाबरतात, पण तुमच्या ३,७२० युनिटांतली २,७००हून जास्त या तळात आहेत. बारा महिने, पाऊस असो की थंडी, २३० युनिट. माझा अंदाज: पंखे ९०, गीझर ८०, फ्रिज ३०, आणि दिवे, टीव्ही, वॉशिंग मशीन, वायफाय मिळून उरलेले ३०. मोबाइलचे चार्जर या उरलेल्या तीसमध्येही शोधावे लागतील.

पंख्यांचं सोपं आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३०. चार पंखे, दिवसाला सरासरी दहा तास, वर्षात तीनशे दिवस: ५४० युनिट वाचतात, ३९० किलो कार्बन. आणि वाचलेलं प्रत्येक युनिट बिलाच्या सगळ्यात वरच्या, महागड्या स्लॅबमधून कमी होतं, त्यामुळे पंख्यांचे पैसे अंदाजापेक्षा लवकर निघतात. चारही एकदम नको असतील तर सासूबाईंच्या खोलीतला आधी बदला. तो सगळ्यात जास्त चालत असणार.

गीझरचं जरा वेगळं आहे, कारण तुमच्या घरात गीझर असायचं कारणच नाही. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. वीस लिटरची बादली २४ वरून ४२ अंशांवर न्यायला ०.४२ युनिट. पाच बादल्या आणि टाकीतून वाया जाणारी उष्णता मिळून महिन्याला ८०, वर्षाला ९६० युनिट, जवळजवळ ७०० किलो. आणि हे सगळं फुकट देणारं यंत्र तुमच्या डोक्यावर वीस फुटांवर उभं आहे.

सोसायट्यांचे सोलर का बंद पडतात याची कारणं मी इतक्या गच्च्यांवर पाहिली आहेत की आता जिना चढतानाच अंदाज येतो. पहिलं कारण क्षार. उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं जड पाणी येतं, काचेच्या नळ्यांत चुनखडीसारखा थर बसतो. नळी बाहेर काढून उलटी केली की पांढरे पापुद्रे पडतात. वर्षातून एकदा सफाई एवढाच त्याला उपाय. दुसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं: कुठल्यातरी एका फ्लॅटमधला मिक्सर नळ. हेल्थ फॉसेट किंवा हँड शॉवर टोकाला बंद आणि मिक्सरचे गरम-गार दोन्ही कॉक उघडे, असं असलं की गार पाण्याचा दाब जास्त असल्यामुळे ते उलटं गरम पाण्याच्या लाइनीत शिरतं. दोष एका घरात, कोमट पाणी पूर्ण विंगला. सकाळी सहाला गच्चीवर जा. टाकीच्या तोंडाशी गरम पाइपाला हात लावा. तिथे चटका बसत असेल आणि तुमच्या बाथरूममध्ये कोमट येत असेल, तर सोलर उत्तम आहे, चोरी वाटेत होतेय. प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, बसवला की प्रश्न सुटतो. पाइपावरचं काळं इन्सुलेशन उन्हाने गळून गेलं असेल तर तेही करून घ्या. आणि टाकीत विजेवर पाणी तापवणारी बॅकअप कॉइल असेल तर तिचा स्विच कोण आणि कधी चालू करतो, हे वॉचमनला विचारा. एका सोसायटीत ती कॉइल तीन पावसाळ्यांपूर्वी चालू केलेली होती आणि नंतर बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पर्जन्यजल संकलन यासाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते, ती चालू यंत्रणेसाठी असते. सभेत हा मुद्दा काढलात तर दुरुस्तीचा खर्च लवकर मंजूर होईल.

त्याच सभेत वीज देणाऱ्या सोलर पॅनलचाही विषय काढा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं कॉमन मीटर तुमच्या बिलात दिसत नाही, पण त्यातला वाटा तुमचाच. समजा चोवीस फ्लॅट आहेत आणि महिन्याला ९६० युनिट लागतात. आपल्याकडे एक किलोवॉटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट देतं. आठ किलोवॉट बसवलं की हिशेब बरोबर जुळतो. सात-आठशे चौरस फूट जागा लागेल. २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, स्वतंत्र घराला तीन किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,०००. पाण्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडत नाही ना, हे डिसेंबरात बघा. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली सगळ्यात लांब पडते.

गाडीबद्दल. यजमानांचं ऑफिस कल्याणीनगरला, रोज बारा किलोमीटर जाणं आणि बारा येणं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे महिन्याच्या ७०० किलोमीटरपैकी पाचशेहून जास्त फक्त ऑफिसचे. तुम्ही वनाजजवळ राहता आणि वनाज-रामवाडी मेट्रोला कल्याणीनगरचं स्टेशन आहे. हे भाग्य पुण्यात फार थोड्यांना आहे. आठवड्यातून तीन दिवस मेट्रोने गेले तर वर्षाला २७० लिटर पेट्रोल वाचतं, ६०० किलोच्या वर. मेट्रोची वीज वजा केली तरी यादीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्यांपैकी हा एक आहे. इलेक्ट्रिक कारची घाई नको. स्कूटर बदलायची वेळ आली की मात्र इलेक्ट्रिकच घ्या. कोळशाच्या विजेवर चार्ज करूनही तिचा कार्बन पेट्रोलच्या निम्मा पडतो. दिल्लीला एका बाजूने दुरांतोने जा. मुलांसाठी तो प्रवास विमानापेक्षा जास्त लक्षात राहील, आणि कार्बन फार तर चौथा हिस्सा.

खाण्याचा हिशेब मी घरांत फार ताणत नाही. रोजचं दीड लिटर दूध तुम्ही लिहिलंय. लिटरला दोन किलो कार्बन धरले तरी वर्षाला हजाराच्या वर जातात. पण वाढत्या मुलांचं आणि सासूबाईंचं दूध कमी करा, असं मी कधीच सांगणार नाही. नासून ओतलं जाणारं मात्र मोजा. ओला कचरा घरीच जिरवा. डेपोत ढिगाखाली दबला की त्याचा मिथेन होतो, आणि उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या त्या ढिगाचा वास वर्षानुवर्षं सोसला आहे. बादलीभर खताच्या कष्टांपुढे हे कारणच मला पुरेसं वाटतं.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नाही तरी सांगतो, कारण आपल्या घरांत ती हटकून येते: सोनं. खाणीतून नव्याने काढलेल्या एका ग्रॅम सोन्यामागे ३० किलोच्या आसपास कार्बन असतो. लग्नातले पाच तोळे म्हणजे दीड टन, तुमच्या कारच्या वर्षापेक्षा जास्त. आजीच्या पाटल्यांची मोड देऊन नवा दागिना घडवला तर नव्या खाणीच्या सोन्याची गरजच लागत नाही.

झाडांचं विचारलंत. वाढलेलं झाड ढोबळमानाने वर्षाला वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. फक्त एसीच्या गळतीसाठी पंचेचाळीस मोठी झाडं लागतील. झाडं सावलीसाठी, पाखरांसाठी, आंब्या-फणसासाठी जरूर लावा. गळती पान्याने थांबवा.

तुमच्याकडे सुरुवात कुठून करायची, तर एसीचा नट, मग सोलरचा व्हॉल्व्ह, मग पंखे, मग मेट्रोचा पास. पहिल्या तिघांतच १,७००-१,८०० किलो कमी होतात आणि त्यात कुणाला उकडत नाही की गार पाण्याने अंघोळ करावी लागत नाही. सप्टेंबरचं बिल जपून ठेवा. त्या महिन्यात एसी नसतो, थंडी नसते, त्यामुळे तेच खरं मोजमाप. यंदा ते २३५ आहे. सोलर दुरुस्त झाला आणि पंखे बदलले तर पुढच्या सप्टेंबरला १३०च्या आसपास यायला हवं. १८० आलं, तर पहाटे साडेपाचला गच्चीवर जाऊन पुन्हा त्या पाइपाला हात लावून बघा. कुठल्यातरी फ्लॅटमध्ये नवा मिक्सर बसला असेल.